आत्याचा मान

शिरोळ, मे १९९९

इंदुमती वन्सं,

नमस्कार आतून येत न्हाय, म्हणून लिहीत न्हाय.

माझी आई अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली, म्हणून मला तिसरा महिना असताना तुम्हीच माझं रक्त तपासायला लावलंत. कॅन्सरच्या खुणेचा आकडा जास्त आला. कुठल्या डॉक्टरला विचारायच्या आधीच तुम्ही सासूबाईंना सांगितलंत, "हिला आईचंच दुखणं हाय. पोर पाडा आणि हिला माहेरी धाडा." तुमच्या भावानं माझी पिशवी भरून दिली.

मी पोटातलं पोर घेऊनच माहेरी आले. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "अगं, गरोदरपणात हा आकडा धडधाकट बाईचाही वाढतो कधीकधी. तुझ्या अंडाशयात काही नाही." एवढं विचारायला तुम्हाला उचगावात कुणी भेटलं न्हाय व्हय?

आता लेक झाली, तर तुमचा निरोप आला. "बारशाला येते, कानात नाव आत्याच सांगणार."

या की. घुगऱ्या खा, पाळणा म्हणा. पण ज्या तोंडानं 'पाडा' म्हणालात, ते तोंड मी तिच्या कानाला लावू देणार न्हाय.

हे पत्र टपालात टाकत न्हाय. पाळण्याशेजारी, चारचौघींत सांगीन.

तुमच्या भाचीची आई,
वैजयंता