कालगुप्ताचा डबा

चंडीगड,
९ मार्च १९८९

चि. शशिकांत भावोजी यांस,

नात्याने मी थोरली आणि वयाने तुम्ही माझ्याहून सात महिन्यांनी मोठे, म्हणून आशीर्वाद आणि नमस्कार दोन्ही एकाच पाकिटातून पाठवते आहे. रुचेल तो ठेवून घ्यावा, दुसरा नीलाला द्यावा. तिची कंबर आता कशी आहे? थंडीत धरायची ती उन्हाळ्यात सोडते का? तुमच्या शाळेच्या परीक्षा जवळ आल्या असतील. हेडमास्तरांच्या रक्तदाबाला हा महिना चांगला नसतो, तेव्हा पुढचा मजकूर बसून वाचावा. उभ्याने वाचू नये.

आम्ही सर्व क्षेम. (संस्कृत विभागात एकोणीस वर्षं घालवूनही या शब्दाचा अर्थ मला इथेच कळला. पूर्वी पत्र सुरू करायला काहीतरी हवं म्हणून लिहायचे. आता संध्याकाळी दिवे लागायच्या आत सगळी माणसं घरात मोजून झाली की त्याला क्षेम म्हणतात.) तुमचे बंधू सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेले असतात. त्यांना जगातली कुठलीही गोष्ट चारशेपट मोठी झाल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे ते सुखी आहेत.

दोन वर्षांनी पत्र लिहिते आहे. तुमचं शेवटचं कार्ड माझ्या चौथ्या पुस्तकानंतर आलं होतं. त्यावर दोनच शब्द होते, 'वाचलं. कळलं.' त्यानंतर मी तीन पत्रं लिहिली आणि त्या तिन्हींत कुलदैवताची शपथ घेऊन सांगितलं की माझ्या कथांतला खलनायक कालगुप्त तुमच्यावरून घेतलेला नाही. ती शपथ तूर्त बाजूला ठेवा. तिच्याकडे नंतर यायचं आहे.

माझी लिहिण्याची पद्धत तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. माझ्या मालिकेतलं प्रतिष्ठान नगर दोन हजार वर्षांपूर्वीचं, त्यात हेर देवसोम, आणि त्याच्या पाण्याच्या घड्यात राहणारी यक्षिणी कुंभिका. इतकी माणसं आणि अमानुष मंडळी डोक्यात ठेवायची तर ती एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या पुस्तकात माझ्या महामात्याला पहिल्या प्रकरणात दमा होता आणि नवव्यात तो बासरी वाजवत होता. तेव्हापासून प्रत्येक पात्राच्या लकबींचं एक कार्ड करते. कार्डं तुमच्या बंधूंनी आणून दिलेली, रुग्णालयात छपाई चुकल्यामुळे टाकून दिलेली. त्यांवर हिंदीत आयतेच रकाने छापलेले आहेत: नाम, आयु, पहचान चिन्ह, पुरानी शिकायत. मला यापेक्षा सोयीचं काही मिळालं नसतं. देवसोम, आयु चाळीस, पहचान चिन्ह: उजव्या पायाने लंगडतो. पुरानी शिकायत: खोटं बोलणाऱ्याची सावली त्याला थरथरताना दिसते, म्हणून तो लग्नसमारंभांना जात नाही. कुंभिका, आयु नऊशे, आमंत्रणाशिवाय उंबरा ओलांडू शकत नाही, पण आमंत्रण नसताना बोलू मात्र शकते.

आणि कालगुप्त. त्याचं कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं आहे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत 'कळलं' म्हणतो. दार उघडण्यापूर्वी तीनदा खाकरतो. कट रचताना डावा गुडघा चोळतो. पंगतीत सर्वांना आग्रह करतो आणि स्वतः 'मला पोट नाही' म्हणत तिसऱ्यांदा वाढून घेतो. आणि आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर स्वतःचं नाव कोरून घेतो, अगदी विषाच्या प्याल्यावरसुद्धा. (प्रत्येक पुस्तकात तो यामुळेच पकडला जातो आणि पुढच्या पुस्तकात पुन्हा कोरतो. स्वभावाला औषध नाही.)

ही सर्व कार्डं आणि सातव्या पुस्तकाची एकुलती एक टिपणं मी एका स्टीलच्या डब्यात ठेवते. डबा तुमचाच, तुमच्या थोरल्याच्या मुंजीत दिलेला. डब्याची कडी सैल झाल्यामुळे वरून सुतळी बांधावी लागते. तर गेल्या गुरुवारी तो डबा घेऊन मी सेक्टर बावीसमध्ये झेरॉक्स काढायला गेले, कारण मुखपृष्ठाच्या चित्रकाराला लकबी हव्या होत्या. वीज गेलेली होती. म्हणून वेळ काढायला कुलवंतसिंगांच्या दुकानात शिरले. हे आमचे रंगारी. दुपट्ट्याचा नमुना दाखवला की उकळत्या पातेल्यात तोच रंग उतरवून देतात. मला जुन्या चंदेरीला मोरपंखी रंग हवा होता. मोरपंखी आणि फिरोजी यांत फरक काय, यावर दुकानापुढच्या बाकावर बसून आमचा शास्त्रार्थ झाला, त्यात मी हरले आणि त्या तंद्रीत भाजी घ्यायला पुढे गेले.

दहा मिनिटांनी शिट्ट्या वाजल्या. सगळी दुकानं धडाधड बंद, माणसं धावताहेत. मीही धावले. समोरच्या मिठाईवाल्याच्या ओसरीवर पन्नासेक माणसांत उभी राहिले. कळलं की बाकावर एक बेवारस डबा आहे, सुतळीने बांधलेला. (इथे भिंतीभिंतीवर लिहिलेलं आहे की अशा वस्तूला हात लावू नका. आणि हसू नका भावोजी, ते उगाच लिहिलेलं नाही.) वाळूची पोती आली. एक शिपाई विचारत फिरत होता, कुणी काही पाहिलं का. मी सहा रहस्यकथांची लेखिका. मी पुढे झाले आणि त्याला सांगितलं की डबा ठेवणारी व्यक्ती बहुधा स्त्री असावी, कारण गाठ स्वयंपाकघरातली आहे; वय पन्नाशीकडे झुकलेलं, आणि ती याच गर्दीत उभी राहून गंमत बघत असणार, कारण तशी माणसं नेहमी बघायला थांबतात. त्याने सगळं लिहून घेतलं. पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे अनुमान मी एकोणीस वर्षं मुलांना शिकवते. पण बाकावर डबा दिसला आणि आपल्या हातात डबा नाही, यावरून काय निष्पन्न होतं हे मला अर्धा तास सुचलं नाही.

मग त्यांनी लांबून दोरीचा आकडा टाकून डबा ओढला. तो बाकावरून पडला, सुतळी तुटली आणि माझं अख्खं प्रतिष्ठान नगर रस्त्यावर पसरलं. कुंभिका गटाराच्या कडेला पडली. तेव्हा मी ओरडले की अहो, ही माझी माणसं आहेत! ओरडण्याची ही शब्दरचना पुढे फार महाग पडली.

ठाण्यातले इन्स्पेक्टर राणासाहेब हा सज्जन मनुष्य. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि माझ्यासमोर कार्डं पत्त्यांसारखी मांडली. अडचण अशी की आपली लिपी त्यांना वाचता येते आणि भाषा निम्मीच कळते. काहीच कळलं नसतं तर बरं झालं असतं. 'राजधानी', 'हत्या', 'विष', 'वेषांतर' एवढेच शब्द त्यांना कळले, आणि 'यक्षिणी', 'घडा', 'आमंत्रण' हे मधले दुवे कळले नाहीत. तेवढ्यात कुलवंतसिंग आले. कोपरापर्यंत मोरपंखी रंगलेल्या हातांनी, भट्टी तशीच सोडून. सध्याच्या दिवसांत एका सरदारजीने आपण होऊन ठाण्याची पायरी चढणं किती जड आहे, ते सांगलीहून समजायचं नाही. ते म्हणाले, "साबजी, ये बीबी तो हमारे यहाँ छाता भूली, चश्मा भूली, दो साल पहले एक बार अपने डॉक्टर साहब को भूल के चली गई। डब्बा क्यों नहीं भूलेगी?" मला इतकं खरं कुणी कधी बोललेलं नाही.

राणासाहेबांनी भाषांतरासाठी त्रयस्थ मराठी माणूस मागितला. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे गुरुनाथ सबनीस आले, हवाई दलात विंग कमांडर. ते कार्डं आज्ञा दिल्यासारखी वाचतात. "यक्षिणी! उमर नौ सौ! घड़े में निवास!" असं त्यांनी खणखणीत वाचल्यावर बाहेरचा पहारेकरी सावधानमध्ये उभा राहिला. हळूहळू राणासाहेबांचा चेहरा निवळला. एवढंच नव्हे, ते रमले. लंगडा हेर पाठलाग कसा करतो, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाठलाग करत नाही, वाट बघतो. ते म्हणाले, "हाँ जी, असली पुलिस भी यही करती है।" मग बावीस वर्षं हुलिया लिहिणाऱ्या माणसाची व्यथा त्यांनी सांगितली: साक्षीदार कोणत्याही गुन्हेगाराचं वर्णन 'क़द दरमियाना, रंग गेहुँआ' यापुढे नेत नाहीत. त्यांच्या दफ्तरात बाराशे मध्यम उंचीचे गव्हाळ इसम आहेत, आणि आरशात बघितलं की तेरावं शतक सुरू होतं.

सुटका अगदी हाताशी आली होती. मग सबनीसांनी कालगुप्ताचं कार्ड वाचलं. राणासाहेबांनी ते पुन्हा वाचायला लावलं. आणि म्हणाले, "मैडम, बाक़ी सब आपने बनाए हैं। ये आदमी बनाया नहीं जा सकता। ये ज़िंदा है।"

भावोजी, सहा पुस्तकांत मला मिळालेला हा सर्वांत मोठा अभिप्राय. पुण्याच्या एकाही परीक्षकाने असं लिहिलं नाही. माझा चेहरा फुलला असणार, आणि फुललेला चेहरा हा पोलिसांच्या लेखी कबुलीजबाब असतो. तरी मी निकराने म्हटलं की काल्पनिक आहे. तेव्हा राणासाहेबांनी डबा उलटा केला. बुडावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: 'शशिकांत वि. आगाशे, सांगली, १९७९'. आता इकडे भांड्यावर नाव घालतात ते ज्याचं भांडं त्याचं. देणाऱ्याने स्वतःचं नाव, गाव आणि साल कोरून द्यायचं, ही आपल्याकडची रीत ते मानायलाच तयार नाहीत. "तोहफ़े पर अपना नाम? फिर वो तोहफ़ा कैसे हुआ, वो तो उधार हुआ!" मी सबनीसांकडे बघितलं. ते म्हणाले, वहिनी, मलाही हे नीट पटवून सांगता येणार नाही.

मग राणासाहेबांनी डाव्या हातात कार्ड आणि उजव्या हातात डबा धरला. "जो आदमी हर चीज़ पर अपना नाम खुदवाता है," ते कार्डावर बोट ठेवून म्हणाले, आणि डबा माझ्यापुढे धरला, "नाम इसी का है ना?" देवसोमला सहा पुस्तकांत इतकं निर्मळ अनुमान जमलेलं नाही. हेतू, दृष्टांत, निगमन, सगळं जागच्या जागी. त्यासमोर खोटं बोलणं मला विद्येचा अपमान वाटला. मी म्हटलं, "जी. मेरा देवर है।"

त्यांनी मला घरी जाऊ दिलं, सबनीसांच्या जामिनावर. पण कार्डं, टिपणं आणि डबा ठाण्यात आहेत. माझं म्हणणं खरं आहे, म्हणजे असा मनुष्य खरोखर आहे, तो सांगलीत हेडमास्तर आहे आणि विषाशी त्याचा संबंध नाही, असं तिथल्या पोलिसांचं लेखी उत्तर आल्याशिवाय काही परत मिळणार नाही. प्रकाशकाला पुस्तक पाडव्याला हवं आहे, आणि टिपणांवाचून सातवं पुस्तक माझ्या डोक्यात एवढंच उरलं आहे की कुणीतरी हत्तीवरून पडतं. पण काळजी करू नये. तुम्हाला केवळ खुशाली कळवावी म्हणून हे पत्र लिहिलं. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
सुहासिनी वहिनी

ता. क. आठ-दहा दिवसांत तुमच्याकडे एक हवालदार येईल. त्याच्याजवळ कालगुप्ताच्या लकबींची हिंदी यादी असेल आणि तो ती तुमच्याशी ताडून बघेल. कृपा करून चांगलं वागू नका. नेहमीसारखं वागा. दार उघडण्यापूर्वी तीनदा खाकरा, त्याचं वाक्य पुरं होऊ देऊ नका, आणि नीलाला सांगून त्याला पोहे देताना बशी उलटून खालचं नाव दाखवा. 'कालगुप्त मीच' असं लिहून सही केलीत तर उत्तम. मी शपथ घेतली होती हे खरं. पण मी घेतलेली मोडते आहे, तुम्हाला तर नवीन घ्यायची आहे.

आणखी एक. रागावला असलात तर तेही त्याला सांगू नका. मला सांगा. दोन शब्दांपेक्षा मोठं पत्र आलं तरी मी पुरतं वाचेन.

ता. ता. क. पत्र बंद करण्यापूर्वी तुमच्या बंधूंना वाचायला दिलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाले की गुडघा त्यांचा आहे, खाकरणं त्यांचं आहे, 'मला पोट नाही' हे गेली चोवीस वर्षं तेच म्हणताहेत, आणि मुंजीतल्या डब्यांवर नावं घालायची कल्पनासुद्धा त्यांनीच तुम्हाला दिली होती. पहिल्या पुस्तकापासून त्यांना ठाऊक होतं. तुम्ही रुसून बसलात म्हणून ते गप्प राहिले, कारण उगाच एका घरात दोघे कशाला रुसायचे. आता पुढच्या गुरुवारी ठाण्यात जाऊन खरं सांगतो म्हणून आजपासूनच शर्टाला इस्त्री करताहेत. भावोजी, तार करून त्यांना थांबवा. तुम्हा भावांत जो काय न्याय व्हायचा तो नंतर होऊ दे, पण पाडव्यापर्यंत कालगुप्त एकच असला पाहिजे, आणि सांगलीचा पत्ता राणासाहेबांनी शाईने लिहिला आहे.