स्टिअरिंगचे कान

३ फेब्रु. २००८, रवि.
सकाळी चाकणहून दिलावरचा फोन. (आयटीआयला एका बाकावर होतो. त्याने पूर्ण केलं, मी नाही.) त्याच्या कंपनीत जागा आहे, साहेबांशी बोलून ठेवलंय. १८ तारखेला, सोमवारी, हजर व्हायचं. नंतर चालणार नाही.
मामांना सांगितलं. ते मोसंबी सोलत होते, सोलतच राहिले. मग म्हणाले, "मी एकटा गाडी न्यायला लागलो की तू मोकळा."
दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हाच माझं आयटीआय सुटलं. आई गेल्यापासून यांच्याच घरात वाढलो, दुसरं कोण करणार? डावा पाय ओढतात. डावा हात स्टिअरिंगवर ठेवला की राहतो, बोटं चालतात, पण हात खाली गिअरच्या दांड्यापर्यंत जात नाही. म्हणून मामांच्या मुलाने, संजूदादाने, पुण्याहून स्वतःची जुनी ऑटोमॅटिक पाठवली. क्लच नाही. मामा चालवतात, पण शेजारी मी लागतो.
भीती एकच, उताराची. जन्मभर जीप दुसऱ्या गिअरात टाकून उतरवली. ही गाडी आपल्या मनाने गिअर टाकते. "माझं बिलकुल ऐकत न्हाई. मी हिला चालवतो का ही मला?"

६ फेब्रु., बुध.
औ'बादला गेलो होतो. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात कॅटलॉग चाळला. स्टिअरिंगच्या मागे दोन पात्या. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. नुसतं बोटांचं काम, आणि मामांची बोटं चालतात!
नाव एकेक अक्षर उतरवून घेतलं : पॅडल शिफ्टर एक्स्टेन्शन. एक्स्टेन्शन म्हणजे वायरसकट येणार, घरी टेबलफॅनला लावलंय तसं. ऑर्डर दिली. दिल्लीहून येईल.
मामांना चित्र दाखवलं. "म्हंजे गाडीला कान बसवायचे. पिळला की ऐकंल." आणि असे मोठ्याने हसले की मामी हात पुसत बाहेर आल्या, कोण पाहुणे आले बघायला.

११ फेब्रु., सोम.
नीट लिहिलं पाहिजे.
सामान आलं. मामांना घेऊन जालन्याला, सलीमभाई इलेक्ट्रिशियनकडे. खोका उघडला. लाल रंगाच्या दोन पट्ट्या, चिकटपट्टीची गुंडाळी. वायर नाही. खोका उलटा करून झटकला.
सलीमभाई म्हणाला, "अरे भाई, ही तर नुसती पट्टी हाये. ज्या गाडीला आधीपासून पॅडल असते, तिची लांब करायला. ह्या गाडीला मागं काहीच न्हाई, मंग कशाला जोडू?" खरी बसवायची तर स्टिअरिंग उघडून एअरबॅग काढावी लागते, दांड्याच्या वायरी तोडून वर आणाव्या लागतात. ते करणार नाही म्हणाला. "काही उलटं झालं तर ब्याग तोंडावर फुटंल."
मामा समोरच्या हॉटेलात चहावाल्याला कानांची गोष्ट सांगत होते. तिथूनच ओरडले, "बसले का रं?"
सलीमभाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, चिकटवा.
खाली फोम घालून चिकटवल्या. बोटाने ओढलं की थोड्या दबतात.
परत येताना मामांनी उजवा कान ओढला आणि नेमका त्याच वेळी गाडीने आपल्या मनाने गिअर बदलला. "ऐकलं! अंकुश्या, ऐकलं बघ तिनं!" तेव्हाच सांगायचं होतं. घनसावंगीपर्यंत नुसता घसा साफ करत आलो.
(घरी डिक्शनरी काढली. एक्स्टेन्शनचं स्पेलिंग बरोबर लिहिलं होतं. अर्थ आज पाहिला.)

१२ फेब्रु., मंगळ.
मामा : "मीटरात आकडा कामून दिसत न्हाई? चित्रात तर होता."
दांडा बाजूच्या खाचेत टाकला की आकडा दिसतो. तिथे गिअर हाताने बदलावा लागतो, दांडा जरा पुढे ढकलला की वरचा, मागे ओढला की खालचा. मीच शहाणपणा करून खाचेत टाकून दिला. आकडा आला : १. मामांनी कान ओढला. काही नाही. इंजिन ओरडायला लागलं. मी घाबरून दांडा पुढे ढकलला. २.
"आली. जरा उशिरा ऐकती."
मग मांडीवरचा टॉवेल दांड्यावर पसरला आणि खाली हात ठेवला. मामांची नजर रस्त्यावर, माझी त्यांच्या बोटांवर. बोट हललं की मी हलवायचं. कुं. पिंपळगावच्या फाट्यापर्यंत एकदाही चुकलो नाही.
जी वायर खोक्यात नव्हती ती मी झालो आहे.

१३ फेब्रु., बुध.
तीर्थपुरी. मोसंबीचा व्यापारी भेटायचा होता, पण मामांनी आधी गाडी दाखवली. सगळ्यांना कान ओढून दाखवले. तिथले गणपतआबा म्हणाले, "कान झाले, आता शेपूट कधी बसवता?"
"शेपूट काय, शेजारीच बसलंय," मामा म्हणाले.
सगळे हसले, मीही. टॉवेलची घडी घालत होतो, ती पुन्हा मोडून घातली.
दिलावर : "तिकीट काढलं का?" काढतो म्हणालो.

१५ फेब्रु., शुक्र.
शहागड. नदीकडे उतरताना पुढे उसाची ट्रॉली. मामांनी डावा कान ओढला. मी ट्रॉलीकडे पाहत होतो. चुकलं. गाडी सुटली तशीच पुढे. मामांचा उजवा पाय चांगला आहे, ब्रेक पायाखाली होता, तरी त्यांनी दाबला नाही. कान ओढून धरून बसले. वाट पाहत.
मी दांडा मागे ओढला, मग गाडी आवळली. ट्रॉलीच्या मागे लोंबणारे उसाचे शेंडे काचेला घासून गेले.
"डावा कान ढिला बसवला सलीमनं," एवढंच बोलले.
अक्षर वाईट येतंय.
घरी आल्यावर मामांनी मला आणि मामींना समोर बसवून सांगितलं, "रविवारी मी एकटा शहागडला जाऊन येतो. सोमवारी हा चाकणला जाईल. बोललो ते बोललो."
मामी लगेच लाडवाच्या तयारीला लागल्या. "अंकुश, जल्दी नीघ बाबा. ह्यांचं मन फिरायच्या आत."

१६ फेब्रु., शनि.
सांगितलं तर मामा पुन्हा गाडीला हात लावणार नाहीत, म्हणजे मी इथंच. न सांगता गेलो तर शहागडचा उतार, आणि कान ओढून धरून ते...
दुपारी ते झोपले असताना पट्ट्या उपटायला गेलो. तुटल्या म्हणून सांगणार होतो. निघाल्या नाहीत. सलीमभाईने काम पक्कं केलंय. नख तेवढं तुटलं.
मामींनी बॅग भरली. मी पुन्हा काढून भरली. तिकीट काढलेलं नाही.

१७ फेब्रु., रवि.
मामा सकाळीच तयार. इस्त्रीचा सदरा, टोपी. "चावी दे."
दिली नाही. म्हणालो, मामा, त्या कानांना वायर नाही. नुसत्या चिकटवल्यात.
ते घड्याळाचा पट्टा लावत होते. डाव्या हाताला लावायला वेळ लागतो. लावून झाल्यावर म्हणाले, "म्हाईत हाये."
मी चावी या हातातून त्या हातात घेतली.
"कान ओढला की टॉवेल हलतो. माझा हात गेलाय, डोळे न्हाई गेले."
कधीपासून, विचारलं. "तीर्थपुरीच्या आधीपासून. शेपूट उगंच म्हणलो का?"
मग शहागडला ब्रेक का नाही दाबला?
मामांनी टोपी काढून पुन्हा घातली.
"तू हायेस का ते बघून राह्यलो व्हतो."
मामी दारात लाडवाचा डबा घेऊन उभ्या होत्या, त्या आत गेल्या.
मग आज एकटे कुठे निघालात, विचारलं. "फाट्यापर्यंत. तिच्या मनानं चालंल तशी. तू गेल्यावर गाडीत कोंबड्या बसवायच्या का?" चावी माझ्या हातातून त्यांनीच घेतली. उजवा हात आडवा घालून दांडा टाकत गाडी पुढे नेली, मागे आणली, वळवली. थांबून काच खाली केली.
"जायचं का न्हाई ते तुझं तू बघ. मला इच्यारू नको. टॉवेल तेवढा गाडीत ठेव."
फाट्याकडे गेले. मी रस्त्यावर उभा राहून कान देऊन ऐकत होतो. आवाज बरोबर बदलत गेला, एक, दोन, तीन. गाडी तिच्या मनाने टाकत होती. उजवा हात मात्र माझाच हलत होता.
फाट्यापर्यंत कुठे उतार नाही.
मामा जेवायला परत आले. दुपारपर्यंत दिलावरचे फोन आले, उचलले नाहीत. पुण्याची शेवटची बस अजून जायची आहे. बॅग दाराशी आहे. टॉवेल धुऊन टाकला. वाळत घातलाय, आत्ता हात लावून पाहिला. ओला आहे.