स्क्रममधून सुटायचं कसं

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार, आणि या खेपेला तो शब्दशः घे. डॉक्टरांनी मला पालथंच झोपायला सांगितलंय. तुझी खुशाली वहिनीकडून कळते. ऑपरेशन झालं, गुडघा जुळला, पण तू बूट माळ्यावर टाकलेस आणि दिवसभर खोलीचं दार लावून बसतोस म्हणे. त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही.

बातमी अशी की चाळिशी उलटलेल्यांच्या रग्बी संघात मी शिरलो. (हसू नकोस. तू वरच्या श्रेणीत खेळलास म्हणून बाकीच्यांनी काय पत्ते कुटत बसायचं?) तुमच्याकडे मोजूनमापून खातात, घड्याळ लावून पळतात. आमच्याकडे नाडी बांधायला वाकलेला माणूस आपणहून वर आला की सराव झाला असं धरतात. त्यात चष्मा काढून खेळावं लागतं. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या तुझ्या भावाने पहिल्याच सामन्यात चेंडू नियमाप्रमाणे मागे दिला, तो थेट पंचांच्या हातात. पंच भले गृहस्थ. त्यांनी तो पोटाशी धरला आणि मग दचकून शिट्टी वाजवली.

खरी फजिती स्क्रममध्ये झाली. (वाकायचं, खांदे अडकवायचे आणि समोरच्यांना रेटायचं, हे तुला काय सांगायचं.) पुढच्या ओळीत मधे मी, एका बाजूला दातांचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला बेकरीवाला, आणि मागून रेटणारे पाचजण. तुमच्या पातळीवर स्क्रम कोसळायचा तो जोरामुळे, असं तूच सांगायचास. आमचा कोसळेचना. चेंडू बाहेर गेला, शिट्टी झाली, तरी दोन्ही संघ तसेच वाकलेले, कारण जो आधी सोडेल तो नाकावर पडेल हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी माझी एक दाढ किडल्याचं नुसत्या वासावरून सांगितलं. शेवटी बेकरीवाल्याला शिंक आली आणि सोळाच्या सोळाजण आडवे झालो. माझ्या अंगावर निम्मा बाजार होता. तिथेच ठरवलं, पुरे झाला हा खेळ.

वहिनीला नमस्कार, पोरांना पाठीत एकेक धपाटा.

तुझा धाकटा

ता. क. खेळ सोडत नाहीये. पाठ सरळ झाली की पुढचा सामना.

आणखी ता. क. बोलणार नाही म्हणालो होतो, पण राहवत नाही. दादा, तू असा कोंडून घेतलेला मला बघवत नाही. आम्हाला शिकवायला ये. त्याला गुडघा लागत नाही, आवाज लागतो. दुकानातली चाकांची खुर्ची मैदानाच्या कडेला आणून ठेवतो. स्क्रममध्ये शिरायला सगळ्यांना येतं, न पडता सुटायचं कसं ते आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. वहिनी हे पत्र दाराखालून आत सरकवणार आहे. उत्तर तसं सरकवलेलं चालणार नाही, तिच्या हातात द्यायचं.