साबुदाण्याचा कीबोर्ड

७ सप्टेंबर १९८७
ऑफिसात कॉम्प्युटर आला. गूळ संघात मी सत्तावीस वर्षं हेड टायपिस्ट, पण खोका उघडताना मला कुणी हाक मारली नाही. असो. ऑपरेटरची जागा दसऱ्यानंतर भरणार आहेत. ती माझीच. दुसरी उमेदवार कोण, तर चंदना. शाहूपुरीतल्या माझ्याच संध्याकाळच्या क्लासात टायपिंग शिकली. बिचारी.

८ सप्टेंबर
कीबोर्ड पाहिला. नुसती सपाट प्लास्टिकची फळी, वर अक्षरं छापलेली. कळ दबत नाही, उसळत नाही, वाजत नाही. अक्षर उमटलं हे बोटाला कळायचं कसं? म्हणे स्क्रीनवर बघा! मी वर बघणाऱ्यांतला नाही. नजर कागदावर, बाकी बोटं बघून घेतात. क्लासात माझा पहिला धडा हाच. वर बघेल त्याच्या बोटांवर फूटपट्टी. चंदनाने दोनदा खाल्ली आहे.

९ सप्टेंबर
पहिला हात. कळ लागली की नाही कळेना, म्हणून दाबून धरली. ‘डी’ची अडीच ओळी रांग लागली. ओळ संपली म्हणून सवयीने कॅरेज ढकलायला डावा हात मारला, तर चहाचा कप चेअरमन बाळासोंच्या धोतरावर. ते ओरडले, “मास्तर, मशीन हाय ते, गुऱ्हाळाचा बैल न्हाय!” दोष मशीनचा. धोतर मी धुऊन देतो म्हटलं.

१४ सप्टेंबर
बोटं थांबत नाहीत. मांडीवर, बसच्या दांड्यावर, जेवताना ताटाच्या काठावर. कालिंदीने भाकरी उचलून घेतली. म्हणाली, “आदी जेवा की, मग काय बडवायचं ते बडवा.” बायकांना सराव म्हणजे काय ते कळत नाही. उद्यापासून पहाटे उठून बोटांचे व्यायाम.

१५ सप्टेंबर
उठलो नाही. बोटांना विश्रांतीही हवीच.

१८ सप्टेंबर
जाहीर झालं. ३ ऑक्टोबरला सगळ्या स्टाफसमोर परीक्षा. बँकेला एक पत्र, कॉम्प्युटरवर. मागे राहील त्याला जावकचं टेबल, म्हणजे निवृत्तीपर्यंत पाकिटं चिकटवणं. मला त्याचं काय! जाताना जावकच्या टेबलाची खुर्ची मात्र हलवून पाहिली. सहज.

२५ सप्टेंबर
नवरात्राचा उपवास. कालिंदी साबुदाणा निवडत होती. एक दाणा बोटाखाली आला, टोचला. ताडकन उठलोच. सापडलं!

२६ सप्टेंबर, सकाळी ९
जावकच्या टेबलावरचा डिंक आणला. प्रत्येक अक्षरावर एक दाणा. आता बोटाला ठसठशीत लागतं, नखाला टिक् वाजतं. सहा ओळी काढल्या, चुका फक्त दोन. चंदना म्हणाली, “भारी हाय की, सर! पण एफवर आन् जेवर एकेक ठेवला तरी बास. बाकीची अक्षरं तिथनं सापडत्यात.” मास्तरला शिकवायला निघाली! मी हसलो नुसता.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
टाइपरायटरांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा. स्क्रीन जड, म्हणून मागची वायर उपसून नुसता कीबोर्ड पाटावर मांडला. हळदकुंकू, झेंडूचं फूल. आज हत्याराला हात लावायचा नसतो, त्यामुळे सराव नाही. फार तळमळलो.

३ ऑक्टोबर, सकाळी १०
कीबोर्ड पाटावरून टेबलावर ठेवला. हळद फुंकून काढली. स्क्रीनवर हिरवी खूण लुकलुकते आहे. तयार.

दुपारी ४
लिहून ठेवलंच पाहिजे. सुरुवात झकास. टिक् टिक् टिक्, प्रत्येक अक्षर बोटाला कळत होतं. इतका सुरेख हात आयुष्यात चालला नव्हता. चंदना दोनदा “सर...” म्हणाली, दोनदा मी बोट वर करून गप्प केलं. चार मिनिटांत पत्र पूर्ण, बोटांच्या हिशेबाने चूक एकही नाही. मग मान वर केली. स्क्रीन कोरी. हिरवी खूण होती तिथेच लुकलुकत होती.

पाटावर मांडताना काढलेली वायर मी परत लावलीच नव्हती.

बाळासोंना विचारलं, मघाशीच का नाही सांगितलंत? म्हणाले, “मला वाटलं, आदी सगळं आत साठतंय आन् मग भायेर येतंय.” सगळे हसले. चंदना हसली नाही. ते जास्त लागलं.

४ ऑक्टोबर
बोटं आज गप्प आहेत.

५ ऑक्टोबर
जावकच्या टेबलावर रुजू. चंदनाने सगळे दाणे खरवडून काढले, एफ आणि जेवरचे दोन ठेवले. दुपारी माझ्यापाशी आली. म्हणाली, सर, रोज सुट्टीत अर्धा तास बसा माझ्याजवळ, शिकवते. मी म्हटलं, वेळ मिळाला तर बघू. मिळाला.

पहिला धडा, वायर बघणे.

दुसरा विचारला. ती जरा घुटमळली. टेबलावरची माझी फूटपट्टी उचलून खणात ठेवली आणि म्हणाली, “वर बघायचं, सर.”