डुंबक मोठा होणार

६ फेब्रुवारी, सकाळी ८
ही वही फक्त माझ्यासाठी. कुणी चोरून वाचत असेल, म्हणजे बायको, तर तिने इथेच थांबावं.

काल काम स्वीकारलं. अडचण म्हणून नव्हे. मोठ्या आवाजाला अधूनमधून किरकोळ काम द्यावं लागतं, नाहीतर तो आखडतो. एक परदेशी कार्टून मालिका आपल्या भाषेत डब होतेय. त्यात पोरं रानावनात हिंडून चित्रविचित्र प्राणी पकडतात, पाळतात आणि एकमेकांशी झुंजवतात. याचाच व्हिडिओ गेम आहे, शिवाय पत्ते, दप्तरं आणि टूथब्रशही. त्यातला एक प्राणी म्हणजे डुंबक. बदकासारखा. निळा, पोट मोठं, पाय आखूड. चोचीतून पाण्याची पिचकारी मारतो आणि स्वतःच दचकतो. त्याला आवाज मी देणार. तीस वर्षं रंगभूमी गाजवलेला मी.

संवाद मागितले. डायरेक्टरबाई म्हणाल्या, एकच शब्द आहे, ‘डुंब’. मी विचारलं, आणि पुढे? म्हणाल्या, पुढेही ‘डुंब’. यातले प्राणी स्वतःच्या नावापलीकडे बोलत नाहीत म्हणे.

संकल्प. एक : महिनाभर करायचं आणि सोडायचं. दोन : कुणालाही सांगायचं नाही. तीन : बदकाशी कामापुरता संबंध.

७ फेब्रुवारी
मेव्हणीचा फोन. अभिनंदन म्हणाली. तुम्ही बदक झालात असं ताई सांगत होती, म्हणाली. मागे तिचा नवरा हसत होता. संकल्प दोन रद्द.

१० फेब्रुवारी
पहिलं रेकॉर्डिंग. स्टुडिओ झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. आवाजाची खोली म्हणजे कपडे काढून घेतलेलं कपाट. भिंतींना काळा फोम, त्यातला एक तुकडा कुणीतरी कुरतडलेला. हेडफोनच्या एका कानाला चिकटपट्टी. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. हा गृहस्थ दिवसभर पेनाचं टोपण चावतो.

मी बाईंना विचारलं, या प्रसंगात डुंबक ‘डुंब’ का म्हणतो? तहान? एकटेपणा? त्या म्हणाल्या, पायावर दगड पडलाय. मी त्या ‘डुंब’मध्ये विश्वासघात ओतला. त्या म्हणाल्या, दगड पडलाय हो, सख्खा भाऊ उलटलेला नाही.

अडतीस टेक झाले. शेवटी ठेवला तो टेक म्हणजे मी घसा खाकरलो होतो, तो. निषेध नोंदवला. वहीत.

११ फेब्रुवारी
इथे एक घोगऱ्या आवाजाचा आहे, मी त्याला घोगराच म्हणतो. वय तिशीचं. आगीच्या सरड्याला आवाज देतो. त्याचाही एकच शब्द, ‘ज्वाल’. येतो, ‘ज्वाल’ म्हणतो, एका टेकमध्ये ओके, बाहेर जाऊन सगळ्यांना बिस्किटं वाटतो. सगळे त्याच्या विनोदांना हसतात. त्याच्या ‘ज्वाल’मधला ल ऐकूच येत नाही, हे फक्त माझ्या कानाला कळतं. तीस वर्षांची साधना असली की असे शाप मिळतात.

१९ फेब्रुवारी
मला या बदकाचा तिटकारा आहे. मुद्देसूद लिहितो. भित्रा आहे. प्रत्येक झुंज हरतो. हरल्यावर टाळ्या वाजवतो, त्याही स्वतःसाठी. आपण किती निरुपयोगी आहोत याची त्याला कल्पनाच नाही, आणि मला अशा प्राण्यांची चीड आहे.

आज रस्त्यात एका मुलीच्या दप्तरावर त्याचं चित्र होतं. सिग्नल सुटेपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघत होतो. मी नजर हटवली नाही. दप्तर निघून गेलं.

२४ फेब्रुवारी
महत्त्वाचं. चहाच्या वेळी रेकॉर्डिस्ट सहज बोलून गेला की सव्विसाव्या भागात डुंबक मोठा होतो. म्हणजे काय, विचारलं. यातले प्राणी पुरेशा झुंजी खेळले की त्यांचं रूप पालटतं म्हणे. डुंबकाचा होतो डुंबराज! माणसापेक्षा उंच, मानेभोवती फेसाची आयाळ, तळ्याचा प्राचीन रक्षक. आणि तो बोलतो. खरी वाक्यं. गावात पूर शिरतो, सगळे प्राणी बिथरतात, तेव्हा हा पाण्यात उभा राहून सगळ्यांना शांत करतो. तीन पानांचं भाषण.

मी चेहरा कोरा ठेवला. मग बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

संकल्प एक रद्द. बाईंनी मला का घेतलं ते आता लक्षात आलं. लबाड आहेत.

२५ फेब्रुवारी
डुंबक तितका वाईट नाही.

१ मार्च
तीन पानांसाठी आवाज राखून ठेवायला हवा. घरी मौन. हवं-नको पाटीवर लिहून दाखवतो.

बायको पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या फोनवर बसते. दिवसभर शिव्या ऐकते आणि लोकांना गार करते. तिला मौनाचं कारण पाटीवर सविस्तर लिहून दिलं. तिने पाटी वाचली, पुसली आणि ताटं घ्यायला सांगितलं.

४ मार्च
बायकोने विचारलं, हे कायमचं आहे का? स्वरात आशा होती. मी ती काळजी समजून घेतली.

९ मार्च
योजना : प्रेक्षकांना डुंबराजाचा धक्का बसू नये म्हणून डुंबकाचा आवाज दर भागात थोडा थोडा खाली उतरवायचा. कुणाला सांगायचं नाही. अशा गोष्टी जाणकाराला आपोआप कळतात.

२३ मार्च
कळल्या. बाईंनी सातव्यापासून अठराव्यापर्यंतचे भाग सलग ऐकले आणि मला विचारलं की हे बदक आहे की विहिरीत पडलेला हवालदार. बाराच्या बारा भागांतले ‘डुंब’ पुन्हा करायला लावले. घोगरा काचेपलीकडे उभा होता. हसला नाही. मुद्दाम हसला नाही.

२८ मार्च
आज कानावर आलं, आगीचा सरडाही मोठा होतो आणि बोलतो. आणि बाई म्हणे विचारात आहेत की दोन्ही मोठे आवाज एकाच माणसाने करावेत. तो माणूस कोण हे रेकॉर्डिस्टला माहीत नाही. मला आहे. घोगऱ्याने लावालावी केलेली आहे. बिस्किटं उगाच वाटत नाही कुणी.

हातावर हात ठेवून बसणार नाही.

२ एप्रिल
निर्मात्यांना पाच पत्रं पाठवली. ‘एक जागरूक पालक’, ‘एक निवृत्त शिक्षिका’, ‘कानाचे डॉक्टर’ वगैरे. पाच वेगळी पेनं, एक डाव्या हाताने. आशय असा की सरड्याचा ल खाल्लेला आवाज ऐकून मुलं बिघडत आहेत, आणि याउलट डुंबकाचा आवाज देणारे ज्येष्ठ कलावंत कोण, त्यांना आणखी ऐकायला मिळेल का? कानाच्या डॉक्टरने तर मुलांना तो आवाज लिहून दिला आहे.

मी हे स्वतःसाठी करत नाही. भाषेसाठी करतो.

११ एप्रिल, दुपारी १
निवृत्त शिक्षिकेचं पत्र मी एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं होतं. कागद वाया घालवणं मला पटत नाही. मागच्या बाजूला बाराव्या भागाचं माझं स्क्रिप्ट होतं. वर माझ्या नावासकट.

बाईंनी पाचही पत्रं सगळ्यांसमोर वाचून दाखवली. वाईट वाचल्या. डॉक्टरच्या पत्राला रेकॉर्डिस्टच्या तोंडातून टोपण पडलं. मग त्या म्हणाल्या, घरी जा, पुढचं कळवू. जिन्यात घोगरा मागे आला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाला, दादा, बसा जरा.

या माणसाला मी कधीच क्षमा करणार नाही. पाणी प्यायलो.

११ एप्रिल, संध्याकाळी ५
बायकोला पाटीवर लिहून दाखवलं की माइक बिघडलाय, दोन-चार दिवस सुट्टी. तिने फक्त बघितलं. बावीस वर्षांच्या संसारात तिने हे एक शस्त्र घडवलेलं आहे.

१४ एप्रिल
मी अंघोळीला होतो तेव्हा बाहेर बायको फोनवर कुणालातरी झापत होती. बराच वेळ. नेहमीची पद्धत, आधी चढते, मग एकदम आवाज खाली आणते, की समोरचा आपोआप गप्प. कुणाच्यातरी नळाला पाणी नसेल. बाहेर आलो तर म्हणाली, तुमच्या स्टुडिओतून फोन होता. उद्या जा आणि माफी मागा. पत्राने नाही, तोंडाने.

माइकबद्दल काही बोलली नाही. म्हणजे माइकचं तिला पटलेलं दिसतं.

१५ एप्रिल
माफी मागितली. भारदस्त सुरुवात केली होती, बाईंनी दुसऱ्याच वाक्याला कट म्हटलं. मग घोगऱ्याकडे वळलो. तो म्हणाला, राहू द्या दादा, माझा ल खरंच खातो मी, आता सराव करतोय. डोकं फिरलं माझं.

निघताना बाईंनी विचारलं, तुमच्या मिसेस काय करतात? सांगितलं. म्हणाल्या, शनिवारी त्यांना घेऊन या.

अर्थ उघड आहे. डुंबराजाची घोषणा कुटुंबासमोर करायची असणार. मोठ्या ठिकाणी तशी पद्धत असते. मेव्हणीला फोन करून कळवलं, तिच्या नवऱ्यालाही फोनवर बोलावून कळवलं. यावेळी तो हसला नाही. निदान मोठ्याने नाही.

१८ एप्रिल
शनिवार. मी कोट घातला. ही ऑफिसच्याच साडीत, खांद्याला पर्स.

बाईंनी हिला त्या कपाटात उभं केलं, हेडफोन घातला आणि डुंबराजाचं पहिलं पान हातात दिलं. म्हणाल्या, फक्त वाचा, पूर आलाय आणि सगळे घाबरलेत एवढं डोक्यात ठेवा. मला वाटलं, माइक तपासतायत, माझ्यासाठी.

ती वाचायला लागली. ओरडली नाही. अभिनय नाही, विराम नाही, शब्दांची फेक नाही, काही म्हणजे काही नाही. रोज ज्या आवाजात ती लोकांना सांगते की पाणी येईल, तुम्ही आधी खाली बसा, मी फोन ठेवत नाही, त्याच आवाजात. रेकॉर्डिस्टने टोपण चावणं थांबवलं. घोगरा भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता. पान संपलं तरी कुणी कट म्हणेना.

एकूण वाचन नवशिकं. माझ्या डोळ्यात फोमचा कण गेला, म्हणून रुमाल काढावा लागला.

१८ एप्रिल, संध्याकाळी
डुंबराज ही करणार. मी म्हणालो, डुंब‘राज’ आहे तो! बाई म्हणाल्या, मूळ भाषेतही बाईच करते, आपण डुंबराणी म्हणू. मग मी कोण, विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही डुंबक. आणि डुंबक मोठा झाला की? त्या म्हणाल्या, मग डुंबक राहत नाही ना.

हे दोन महिने मी कशासाठी देव पाण्यात घालून बसलो होतो, याचा हिशेब नंतर मांडेन.

बसमध्ये ही म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर मी करत नाही. मी पाटी आणली नव्हती, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

२१ एप्रिल
रेकॉर्डिस्टने खाली टपरीवर गाठलं. १४ तारखेला बाईंनी फोन मला काढून टाकायला केला होता. स्पीकरवर. हिने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली की हो, माणूस हट्टी आहे, पत्रं त्यानेच लिहिली असणार, वाचायलाच नको होती. पण तीस वर्षांत त्याने एक तालीम चुकवलेली नाही, ताप असताना नाही, वडील गेले त्या आठवड्यात नाही. नाटकात शेवटच्या रांगेतला पहारेकरी असला तरी घरी उभं राहून पहारा देतो. तुम्हाला त्याचं बदक नको असेल तर तसं सांगा, पण त्याला हसू नका. ते काम माझं आहे.

रेकॉर्डिस्ट म्हणाला, बाई फोन ठेवून म्हणाल्या, हाच आवाज.

तपशिलाची चूक : शेवटच्या रांगेत नव्हतो. शेवटून दुसऱ्या.

घरी आल्यावर हिला सांगितलं, कर. म्हणाली, मौन सुटलं वाटतं. मग भांडण झालं, बरंच मोठं, विषय पडद्यांचा. बरं वाटलं.

३० एप्रिल
सव्विसावा भाग. आधी माझं. डुंबक तळ्याकडे चालत जातो, वळून बघतो, शेवटचं ‘डुंब’ म्हणतो आणि पाण्यात उतरतो. पुढे तो नाही.

बाईंना काही विचारलं नाही. एका टेकमध्ये ओके. घोगऱ्याने काचेवर बोटांनी टकटक केलं. मी तिकडे बघितलं नाही. हेडफोन खुंटीवर अडकवला, हिच्यासाठी स्टँड दोन बोटं खाली केला आणि बाहेर आलो.

जिन्याजवळ पाहुण्यांसाठी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आहेत. तीन महिन्यांत मी त्यांवर कधी बसलो नव्हतो. वॉचमन नवा आहे. त्याने विचारलं, कुणाकडे आलात? कलावंत मंडळींच्या माणसांशिवाय इथे कुणाला बसू देत नाही म्हणाला.

मी सांगितलं, आत बायको आहे. डुंबराणी करते.

तो ताडकन उठला आणि पंखा माझ्याकडे वळवला.