फक्त फोटो काढायला

मंगळवार, २ डिसेंबर

ठरलं! तीन दिवस, एक शहर, एक कॅमेरा. हिवाळ्यात तिथला प्रकाश म्हणे दिवसभर तिरपा असतो — सूर्य डोक्यावर चढतच नाही. फोटो काढणारे अशा उन्हासाठी जीव टाकतात. मी फोटो काढणारा कधीपासून झालो, हा प्रश्न कोणी विचारू नये. आजपासून.

लेक त्याच शहरात राहते. हा योगायोग. एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

गुरुवार, ४ डिसेंबर

पुन्हा लिहावं लागतंय.

निघताना तिनं आमच्याकडून शब्द घेतला होता. बँकेतली बरी नोकरी सोडून पियानो दुरुस्त करणाऱ्यांच्या कारखान्यात शिकायला निघाली होती. टॅक्सी खाली उभी, आम्ही दोघं दारात. ‘घर दाखवण्याजोगं झालं की मी बोलावीन. तोवर यायचं नाही. बाबा, तुम्ही खास करून.’

खास करून!

दिला शब्द. एक हिवाळा गेला, दुसरा आला. रविवारी फोन येतो — हवा, जेवण, कारखान्यातल्या तारा, बरी आहे, ठेवते. घराचा विषय नाही.

आता शांतपणे विचार करू. निषेध कशाचा? तिच्या घरी येण्याचा. घर म्हणजे शहर नव्हे. घर शहरात असतं, शहर घरात नसतं. तेव्हा व्यापकात शिरल्यानं व्याप्यात शिरल्याचा दोष लागत नाही. मला न्यायशास्त्र शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांनी पाठ थोपटली असती. आणि मग कान पिळला असता.

शुक्रवार, ५ डिसेंबर

काजव्याकडून कॅमेरा आणला. काजवा म्हणजे आमच्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. फ्लॅशच्या उघडझापीमुळे पडलेलं नाव. माझ्या बातम्या आणि त्याचे फोटो उभा जन्म शेजारी शेजारी छापून आले. तो मला गुरुजी म्हणतो. आदरानं नव्हे.

‘गुरुजी, तुम्ही? फोटो? आजवर लेन्सचं टोपणही धरलं नाहीत कधी!’

‘वय झालं की माणसाला छंद लागतो.’

‘छंद लागतो, मान्य. पण झूम लागते म्हणालात ती एवढी मोठी कशाला? पाखरं बघायची आहेत?’

‘इमारती.’

‘इमारती उडून जात नाहीत हो. जवळ जाऊन काढा.’

जवळ जाता येत नाही, हे त्याला कसं सांगू? बॅटऱ्या मात्र दोन जास्त दिल्या. थंडीत बॅटऱ्या माना टाकतात म्हणे. कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या. आज दिवसभर तशाच ठेवून हिंडलो. छातीशी काहीतरी जपून नेतोय असं वाटत राहिलं. उगाच.

रविवार, ७ डिसेंबर

फोन आला. ‘बाबा, काय चाललंय?’ ‘काही नाही.’ ‘काहीच नाही?’ ‘नेहमीचंच.’ मग म्हणाली, ‘इथे सकाळी धुकं असतं हल्ली. नऊपर्यंत काही दिसत नाही.’

उत्तम! म्हणजे पहाटेचा बेत रद्द, नऊनंतर कामाला लागायचं. बिचारीला कल्पनाही नाही की ती बापाला हवामान पुरवते आहे.

बुधवार, १० डिसेंबर

हॉटेल ठरवत होतो. ही मागे येऊन कधी उभी राहिली कळलंच नाही. दिवसभर लोकांचे जबडे उघडून आत डोकावण्याची सवय. नवऱ्याच्या खांद्यावरून डोकावायला तिला काय लागतंय!

‘अहो, हे हॉटेल शहराच्या पार टोकाला आहे.’

‘शांत आहे.’

‘जुना पूल तिकडे, नदी तिकडे, दिव्यांचा बाजार तिकडे. इथे काय आहे? लाँड्री, औषधांचं दुकान आणि शाळेची भिंत.’

‘भिंतीवर ऊन छान पडतं.’

‘भिंतीवर.’

‘तिरपं ऊन.’

दिवसातून दोनदा दात घासतो म्हणणाऱ्या पेशंटकडे ही जशी बघते, तशी बघितली. वाद घातला नाही. लेकीची गल्ली त्या शाळेमागेच आहे हे तिलाही पाठ आहे. पाकिटावर पत्ता तीच लिहिते.

म्हटलं, ‘तूही चल ना.’

‘मी शब्द दिलाय.’

‘मीही दिलाय. मी फोटो काढायला चाललोय.’

‘हो ना. मग कानटोपी न्या. फोटो काढताना कान फार गार पडतात.’

गुरुवार, ११ डिसेंबर

स्वस्थता नाही. सकाळपासून तीनदा बॅग भरली, तीनदा उपसली. तिपाई घ्यावी की नको? तिपाई लावून माणूस उभा राहिला की चार लोक थांबून बघतात. मग नको. राखाडी कोट की निळा? धुक्यात राखाडी दिसत नाही. राखाडी. मोजे, हातमोजे — बोटं उघडी राहतील असे. कार्यालयात एका मथळ्यात शहराचं नावच चुकवलं. चुकून कुठल्या शहराचं नाव पडलं, ते सांगायला हवं का?

उपसंपादिका म्हणाली, ‘सर, सुट्टीवर मन आधीच गेलेलं दिसतंय, शरीर कधी जाणार?’

वीस तारखेला, बाई. वीस तारखेला.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज इस्पितळाबाहेर उभा होतो. आत एक बडी असामी आजारी. बाहेर आम्ही — मी आणि इतर वर्तमानपत्रांचे. गार वारा, कागदी कपातला चहा. कोणी बाहेर आलं की सगळे धावणार, नाही आलं की सगळे उभे. माझं सगळं आयुष्य असंच दारांबाहेर गेलं. न बोलावता जाणं हा तर माझा पगारी व्यवसाय! हाकलून दिलं तरी वाईट वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात.

मग एका गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास उभं राहायचं, तर दहादा विचार का करावा?

मला काही फार नको आहे. ती कामाला निघताना दिसावी. गरम कपडे पुरेसे घालते का. वाळली का. चालताना अजून डावा खांदा खाली टाकते का. एवढं दिसलं की नदीवर जाऊन लोकांसारखे पुलाचे फोटो काढीन. तिला कळणारही नाही. शब्दही मोडला नाही, पोरही दिसली.

वाचून बघितलं. युक्तिवादाला काही ठिकाणी ठिगळं आहेत.

रविवार, १४ डिसेंबर

सराव. सकाळी आमच्याच शहरातली एक अनोळखी गल्ली निवडली आणि समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी धरली. काचेवर ऊन येतंय, पडदा पिवळा, कुंडीत सुकलेलं काहीतरी — झूम ओढली की सगळं नाकासमोर! मजा वाटली, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात खिडकी उघडली. एक बाई चादर झटकायला आली. चादर झटकली, खाली बघितलं. मी दिसलो.

ओरडली नाही. चादर छातीशी धरली, खिडकी लावली, पडदा ओढला. मग पडद्याची कड जराशी हलली — मी गेलो का, ते बघायला.

गेलो. अर्धा रस्ता तर जवळजवळ पळतच.

(आज रविवार असून लेकीचा फोन आला नाही. हिचा फोन मात्र बराच वेळ चालला होता, आतल्या खोलीत. पेशंट असेल.)

मंगळवार, १६ डिसेंबर

काजव्याला सरावाचे फोटो दाखवले. तो एकेक पुढे सरकवत गेला. आधी हसत होता.

‘गुरुजी, नदी कुठाय? दिवे? माणसं? सगळ्या खिडक्याच. आणि सगळ्या समोरच्या फुटपाथवरून. ह्याला फोटो नाही म्हणत. ह्याला पाळत म्हणतात!’

मी काहीतरी बोललो, प्रकाशाबद्दल.

त्याचं हसू थांबलं. ‘पोरगी तिथेच असते ना तुमची?’

‘हो.’

‘तिला माहीत आहे?’

‘नाही.’

तो कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत बसला. मग हळू म्हणाला, ‘आपण दोघं लोकांच्या दारात उभे राहिलो ते त्यांना माहीत असायचं, गुरुजी. शिव्या घालायचे, पण माहीत असायचं. पोरीनं पडदा सरकवला आणि समोर बाप, डोळ्याला हे एवढं भिंग लावून—’

चादर छातीशी धरलेली बाई मला रविवारपासून दिसत होती, आता तिला चेहरा आला. ओळखीचा.

‘सांगून जा,’ तो म्हणाला. ‘नाहीतर जाऊ नका.’

बुधवार, १७ डिसेंबर

सांगून जाता येत नाही. ‘मी येतोय’ म्हटलं की तिला ‘या’ म्हणावं लागेल. आणि तिनं मागून घेतला होता तो नेमका हाच वेळ — ‘या’ असं आपणहून म्हणेपर्यंतचा. तो मी तिच्या हातातून काढून घेणार, वर तोंड करून विचारणार, ‘चहा आहे का?’ नाही. व्यापक, व्याप्य, शहर, घर — शब्दांचा किती फुलोरा लावला मी! तिनं साधं सांगितलं होतं. मला साधं कळलंही होतं.

हॉटेल रद्द केलं. गाडीचं तिकीट रद्द. कॅमेरा उद्या परत.

हिला सांगितलं. वाटलं होतं, ‘शहाणे झालात’ म्हणेल. तर चिडली!

‘रद्द? कोणाला विचारून?’

‘अगं, तूच तर म्हणालीस शब्द दिलाय—’

‘माझं मी म्हणाले. तुम्हाला जाऊ नका म्हटलं का मी? कानटोपी कशाला विणली मग?’

‘मी योग्य तेच केलं,’ म्हटलं.

‘तुम्हाला ना, योग्य वागायलासुद्धा नेमकी चुकीची वेळ सापडते.’ आणि दवाखान्यात निघून गेली, वेळेच्या कितीतरी आधी. पेशंटची धडगत नाही आज.

काय चुकलं ते कळत नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

काजव्यानं कॅमेरा परत घेतला नाही. ‘राहू द्या. पाखरं बघा.’

ही बोलत नाही. जेवण वाढते, मीठ पुढे सरकवते, बोलत नाही. मी घरभर फिरतोय. गॅलरी, स्वयंपाकघर, गॅलरी. तिथलं हवामान अजूनही बघतोच आहे. उद्या धुकं कमी. परवा स्वच्छ ऊन.

बघायचं सोडलं पाहिजे.

शुक्रवार, १९ डिसेंबर

सकाळी लेकीचा फोन. शुक्रवारी!

‘बाबा, रद्द का केलंत?’

‘काय रद्द?’

‘बाबा.’

‘तुला कोणी सांगितलं?’

‘आईनं. तुम्ही कॅमेरा घरी आणलात तेव्हाच.’

‘आणि तू काही बोलली नाहीस?’

‘बोलले असते तर बोलावल्यासारखं झालं असतं. घर अजून काही दाखवण्याजोगं नाही, एक भिंत ओली आहे, खुर्ची एकच. म्हटलं, मी बोलावणार नाही. पण तुम्ही न बोलावता आलात तर दार उघडायचं. तेवढं ठरवलं होतं मी.’

हा युक्तिवाद! कोणाची लेक आहे ते विचारायला नको.

‘रोज सकाळी खिडकीत उभी राहून बघत होते,’ ती म्हणाली, ‘तुम्ही लपाल कुठे. अख्ख्या गल्लीत एक खांब आहे, बाबा. तुम्ही काही त्याच्यामागे मावणार नाही.’

‘मग?’ म्हटलं.

‘मग काय! बेल वाजवा.’