एका दमातलं गाणं

२ मार्च
आज नाशिकला आले! येवल्याहून एसटीत गिटार मांडीवर घेऊन बसले होते. मुक्काम मावशीकडे. भाची आता गायिका होणार, हे तिने अख्ख्या कॉलनीला सांगून टाकलंय.

स्टुडिओ सिडकोत, पिठाच्या गिरणीच्या वर. एक ते चार गिरणी बंद असते, तेवढ्यात रेकॉर्डिंग उरकायचं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. रेकॉर्डिस्ट धनराजदादा चाळिशीचे, अबोल. सहा गाणी करायची, शब्द आणि चाल माझीच. मी आधीच बजावलं की माझा एक शब्दही बदललेला चालणार नाही. वक्तृत्वाचे कप मी दुसऱ्याच्या शब्दांवर जिंकलेले नाहीत! ते म्हणाले, "भाषण झालं असेल तर हेडफोन घाला, ताई."

५ मार्च
'मी मधे बोलणार' रेकॉर्ड झालं. आजीला, आईला जन्मभर सांगितलं गेलं की बायकांनी मधे बोलू नये. आई अजूनही चार माणसांत तोंड उघडत नाही. हे गाणं घराघरात वाजलंच पाहिजे, नाहीतर लिहिलं कशाला?

ऐकताना माझेच श्वास कानाला टोचले. प्रत्येक ओळीआधी हुस्स! म्हटलं, कापून टाका. धनराजदादा म्हणाले, राहू द्या. मी हट्ट धरला की पोरगी एका दमात गाते असं लोकांना वाटू दे. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, नक्की? मग एकेक करून बावीस श्वास कापले.

१२ मार्च
गाणं आज नेटवर आलं. मावशीने स्वयंपाकघरात मोबाईलवर लावलं आणि भजी तळता तळता ठेका धरला. मधेच माझा श्वास आत जाईना. क्षणभर थांबला, सुटला, पुन्हा थांबला. आनंदाने होतं असं, म्हणाली मावशी.

१९ मार्च
रिक्षात हेच गाणं लागलं होतं. या वेळी मी मोजलं. श्वास बावीस वेळा अडला, प्रत्येक वेळी ओळीच्या आधी, जिथे कापलाय तिथेच.

धनराजदादा रोज विचारतात, किती लोकांनी ऐकलं? बाकीच्या गाण्यांबद्दल कधीच नाही. आज मी अचानक स्टुडिओत गेले तर ते कुण्या मुलीचं गाणं ऐकत होते, अगदी बारीक आवाजात. मला पाहताच बंद केलं. या माणसाला काहीतरी ठाऊक आहे.

२६ मार्च
आज आसपास कुठेच गाणं वाजत नव्हतं. मी धुणं वाळत घालत होते. तरी श्वास अडला. बावीस वेळा. म्हणजे कुणीतरी, कुठेतरी —

३१ मार्च
धनराजदादांना धरलंच. माझे श्वास परत घाला म्हटलं. त्यांनी मूळ टेक, न कापलेलं रेकॉर्डिंग, उघडून दाखवला. त्यातही श्वास नाहीत. जिथे मी घेतला होता तिथे नुसती सपाट रेघ.

मग त्यांनी कबूल केलं. माझ्याआधी विंचूरची चैताली होती; त्या दिवशी ऐकत होते ते गाणं तिचंच. तिनेही श्वास कापून घेतले होते. ते खाली बघत म्हणाले, "तिचं गाणं चाललं नाही, ताई. म्हणून जिवंत आहे ती."

मी ओरडले, मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, तुम्ही ऐकलं असतं?

४ एप्रिल
चॅनेलवरून गाणं काढायला लावलं. उपयोग नाही. ते लोकांच्या मोबाईलमध्ये गेलंय. वर बोभाटा झाला की कुणीतरी दाबलं हिला! आता मुद्दाम वाजवतायत. माझ्या बाजूने. माझ्यासाठी.

९ एप्रिल
जिना चढवत नाही. एकाच वेळी दहा ठिकाणी वाजत असणार — मोजणं सोडलं. बोलताना शब्द तुटतात. मावशी म्हणते, दवाखान्यात चल. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे.

१३ एप्रिल
कॉलनीतल्या जयंती मंडळाचा नवनाथ आला होता. उद्याच्या जयंतीच्या मिरवणुकीत माझंच गाणं. "चार तास, ताई! दुसरं काही लावायचंच नाय!" मी हात जोडले, नको म्हणायला तोंड उघडलं — आवाज निघाला नाही. ताई लाजली, म्हणाला. जयभीम घालून गेला.

१४ एप्रिल
डीजेची गाडी कोपऱ्यावर. काचा थरथरतायत.
उठवत नाही. लिहिता येतंय तेवढं —
पहिली ओळ झाली. अडला. सुटला.
आई येवल्याहून आलीय. खिडकीतून दिसते. पांढरी साडी. गाडीसमोर उभी. गातेय. माझी आई. सगळ्यांत मोठ्याने, हात वर करून —
ती वर बघतेय. मी नुसता हात केला तर थांबेल. गाडीही थांबवेल. आयुष्यभर थांबतच आलीय.
तिला गप्प बस म्हणू? मी?
पुन्हा पहिल्यापासून लावलं.
हात वर — नाही. गाऊ दे. आई, गा, तू —